ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढते, तेव्हा उजवे चाक उघडून पाहा

माझी गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, हे मला पहिल्यांदा जाणवले ते एका मोकळ्या, सरळ रस्त्यावर. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले म्हणून मी नेहमीसारखा ब्रेक दाबला, तर स्टिअरिंग हातातल्या हातात किंचित फिरले आणि गाडी लेनच्या डाव्या पट्ट्याकडे सरकू लागली. पाय उचलताच ती पुन्हा सरळ झाली. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत मी प्रत्येक सिग्नलला लक्ष देऊन पाहिले आणि प्रत्येक वेळी तेच घडले. ओढ फार नव्हती. दोन बोटांनी सावरता येईल एवढीच होती. पण ओल्या रस्त्यावर अचानक कुणी आडवे आले आणि सगळी ताकद लावून ब्रेक दाबावा लागला, तर हीच ओढ किती वाढेल, या विचाराने मला चैन पडेना.

पहिल्या गॅरेजमध्ये ‘गाडी डावीकडे ओढते’ एवढे ऐकून डावे चाक काढण्यात आले. डिस्कला धरणारे पॅड पॉलिश पेपरने घासले गेले, चाकाबरोबर फिरणारी डिस्क पुसली गेली आणि चाक पुन्हा बसवले गेले. फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, झाली. यंत्रातून निघालेल्या कागदावर सगळे आकडे मर्यादेत होते आणि ओढ जिथल्या तिथे होती. दोन्ही ठिकाणी काम मन लावून केले गेले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र दोष नेमका कुठे आहे हे ठरण्याआधीच दुरुस्तीला हात घातला गेला होता. त्यानंतर मी स्वतः एकेक शक्यता तपासून बाजूला सारत गेलो आणि दोष सापडला तो उजव्या चाकात. तो तिथेच का असणार होता, हे सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमध्ये दाब तयार होतो आणि ब्रेक ऑइलमार्फत तो चाकांपर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे पुढच्या डाव्या आणि उजव्या कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीला, मिळणारा दाब सारखा असतो आणि दोन्ही चाके सारख्याच जोराने धरली जातात, असे गृहीत धरलेले असते. हा जोर किती मोठा असतो याची आपल्याला सहसा कल्पना नसते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते, आणि जोरात ब्रेक दाबताना ऑइलमध्ये ५० बार दाब आला असे धरले, तर तो पिस्टन पॅडला जवळजवळ १ टन वजनाइतक्या जोराने डिस्कवर दाबत असतो. डावीकडे एवढा जोर लागत असताना उजवीकडे त्यातला पाव हिस्सा जरी वाटेत गंजामुळे किंवा अडकलेल्या पिनमुळे वाया गेला, तरी दोन बाजूंच्या पकडीत पडणारा फरक गाडीचे तोंड फिरवायला पुरतो. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचेच ब्रेक करतात, म्हणून स्टिअरिंगमध्ये जाणवणारी ओढ बहुतेक वेळा पुढच्या चाकांची असते.

होडीचे एका बाजूचे वल्हे पाण्यात रोवून धरले की होडी त्याच बाजूला वळते. गाडीचेही तसेच आहे. ज्या बाजूचा ब्रेक अधिक धरतो त्या बाजूला ती वळते. म्हणजे गाडी डावीकडे ओढत असेल, तर एक तर डावा ब्रेक प्रमाणाबाहेर धरत आहे, किंवा उजवा ब्रेक पुरेसा धरत नाही. गाडीला या दोन गोष्टी सारख्याच, पण शोधणाऱ्यासाठी त्यांत मोठा फरक आहे. ब्रेकमध्ये काळाच्या ओघात जे बिघाड होतात त्यांची यादी मनात आणून पाहा: पिस्टन गंजून जड होणे, कॅलिपरच्या पिना अडकणे, पॅड आपल्या खाचेत जाम होणे, पॅडवर ग्रीस किंवा ऑइल लागणे, पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत होणे, ऑइलमध्ये हवा शिरणे, होज म्हणजे ऑइल नेणारी रबरी नळी आतून चोंदणे. यांतला जवळजवळ प्रत्येक बिघाड ब्रेकची पकड कमी करतो. पकड अचानक वाढवणारे बिघाड थोडे. मागच्या ड्रम ब्रेकच्या लायनरला थोडे ऑइल लागले, तर तो कधीकधी एकदम चिकटल्यासारखा धरतो, हे त्यातले नेहमी दिसणारे उदाहरण. म्हणून गाडी ज्या बाजूला ओढते ती बाजू बहुधा आपले काम नीट करत असते, आणि जे चाक मुकाट्याने काम टाळत आहे ते विरुद्ध बाजूला असते.

पण चाक उघडण्याच्या आधी रस्त्यावर तपासण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी अवजार लागत नाही. गाडी नेमकी कधी ओढते, हा पहिला प्रश्न. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जाताना, हात स्टिअरिंगवर अगदी हलके ठेवून, आधी ब्रेक न लावता गाडी कशी चालते ते पाहावे. अनेक रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधोमध उंच आणि कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळे गाडी कडेकडे सरकणे हा रस्त्याचा गुण असू शकतो. शंका आल्यास निराळ्या उताराच्या रस्त्यावर तीच चाचणी करावी. ब्रेक न लावताही गाडी एका बाजूला जात असेल, तर आधी टायर आणि अलाइनमेंट पाहावी, किंवा ब्रेक सुटल्यावरही घासत राहत नाही ना ते पाहावे. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर दोष ब्रेकचा किंवा ब्रेकच्या जोराने जागा सोडणाऱ्या एखाद्या सांध्याचा. आणि गाडी बाजूला न जाता फक्त स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो वेगळाच विषय आहे; तिथे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

त्यातही अधिक बारकाईने पाहता येते. ओढ ब्रेक लागताक्षणी येते आणि मग कमी होते, की पेडल जितके दाबावे तितकी वाढत जाते? सकाळी पहिल्या ब्रेकला येते, की गाडी अर्धा तास चालल्यावर? ब्रेक सोडल्यावर ती लगेच जाते, मागे रेंगाळते, की गाडी उलट्या बाजूला उडी घेते? या प्रत्येक उत्तराचा अर्थ निराळा आहे, आणि तो पुढे येईलच. माझ्या गाडीत ओढ पेडलच्या जोराबरोबर वाढत होती, थंड-गरम सारखीच होती आणि पाय उचलताच नाहीशी होत होती. ही माहिती मी कागदावर लिहून ठेवली होती आणि तिचा फार उपयोग झाला.

टायरांबद्दल थोडक्यात. हवा थंड टायरमध्ये मोजावी आणि पुढच्या दोन्ही टायरांत ती सारखी असावी. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत. तरीही टायरचा संशय उरलाच, तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करून पाहावी. ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरचा. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या, बाजूला बाण छापलेल्या टायरांवर मात्र हा प्रयोग करू नये. माझ्या बाबतीत अदलाबदलीने काहीच बदलले नाही.

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत बोलकी वाटते, ती म्हणजे उष्णतेची. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन, त्यामुळे कोणत्या चाकाने किती काम केले याचा हिशेब त्या चाकाच्या तापमानात उमटतो. रिकाम्या रस्त्यावर मी ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराचे आठ ब्रेक पाठोपाठ लावले, गाडी कडेला घेतली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुढच्या डिस्कांचे तापमान पाहिले. डावी डिस्क १४८ अंश सेल्सिअस, उजवी ९६. हे मोजताना एक काळजी घ्यावी लागते. चकचकीत धातूवर हे थर्मामीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून पॅड घासतो तो चमकदार भाग टाळून डिस्कच्या मधल्या, थोड्या गंजलेल्या उंचवट्यावर नेम धरावा आणि दोन्ही बाजूंना अगदी तीच जागा, तेवढ्याच अंतरावरून मोजावी. बोट लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दीडशे अंशांचे लोखंड डोळ्यांना थंड लोखंडासारखेच दिसते.

एवढ्याने मात्र निष्कर्ष काढता येत नाही, कारण डावी डिस्क जास्त तापली ती ब्रेक सुटल्यावरही घासत राहिल्यामुळे असू शकते. म्हणून गाडी थंड झाल्यावर मी त्याच रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता फेरी मारली, गाडी आपोआप मंदावू दिली, शेवटी हँडब्रेकने थांबवली आणि पुन्हा मोजले. दोन्ही डिस्का कोमट आणि दोन्हींत दोन अंशांचा फरक. म्हणजे डावा ब्रेक घासत नव्हता. तो आपले काम करत होता आणि उजवा त्याचा वाटा उचलत नव्हता. पहिल्या गॅरेजमध्ये घासून पुसून स्वच्छ केला गेला तो चांगला ब्रेक होता.

आता उजवे चाक. इथे सुरक्षिततेबद्दल दोन वाक्ये लिहिणे मला आवश्यक वाटते. गाडी सपाट, कठीण जमिनीवर असावी, मागच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावलेली असावी, आणि जॅकने उचलल्यावर ती स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ नये. कॅलिपर सोडवल्यावर तो होजला लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधून ठेवावा.

बहुतेक लहान गाड्यांना सरकता कॅलिपर असतो. त्याला पिस्टन एकच, आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे सगळे धूड दोन पिनांवर आतल्या बाजूला सरकते आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून घेते. म्हणजे बाहेरच्या पॅडचे सगळे काम त्या दोन पिनांच्या सरकण्यावर अवलंबून आहे. या पिना करंगळीएवढ्या जाड असतात, कंसातल्या आंधळ्या भोकात ग्रीस लावून बसवलेल्या असतात आणि तोंडाशी त्यांच्यावर रबरी बूट असतो. तो बूट चिरला की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस सुकते, पीन गंजते आणि कॅलिपर सरकेनासा होतो. पेडल दाबल्यावर पिस्टन ढकलत राहतो, पण त्याच्या जोराचा मोठा भाग अडकलेल्या कॅलिपरला वाकवण्यातच खर्च होतो.

माझ्या गाडीच्या उजव्या कॅलिपरवरची वरची पीन बोटांनी सरकत होती. खालची हलत नव्हती. पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा सगळी कहाणी त्यांच्यावर लिहिलेली होती: आतल्या पॅडवर ४ मिलिमीटर अस्तर उरले होते आणि ते सपाट झिजलेले होते, बाहेरच्या पॅडच्या खालच्या टोकाला ९ मिलिमीटर आणि वरच्या टोकाला ६. कॅलिपर वरच्या पिनेवर सरकत होता आणि खाली अडकत होता, म्हणून बाहेरचा पॅड डिस्कवर तिरका टेकत होता आणि पाचरीसारखा झिजत गेला होता. डाव्या बाजूचे दोन्ही पॅड मी मुद्दाम काढून मापले. त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. चार पॅड असे ओळीने मांडून जाडी मोजणे, हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि कोणत्याही गॅरेजमध्ये पॅड बदलताना जुने पॅड कोणत्या चाकाचे आणि आतले की बाहेरचे, हे खुणा करून परत मागावेत असे मी आग्रहाने सांगेन.

खालची पीन सुटायला अर्धा तास लागला. गंज सोडवणारे तेल भोकाच्या तोंडाशी थेंब थेंब सोडायचे, डिस्कवर आणि पॅडवर त्याचा शिंतोडा उडू नये म्हणून आधी सगळे झाकून घ्यायचे, आणि पान्याने पीन पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहायचे. ओढून काढायची घाई केली तर ती मोडते. शेवटी ती बाहेर आली तेव्हा तिच्या मधल्या भागावर तपकिरी, खरखरीत थर जमलेला होता आणि बुटाच्या घडीत केसाएवढी चीर होती. एवढ्या बारीक चिरेने ही सगळी ओढ निर्माण केली होती. पीन खड्डे पडलेली होती म्हणून ती नवीनच घातली, भोक बारीक ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने स्वच्छ केले, दोन्ही बूट बदलले. ग्रीसच्या बाबतीत काटेकोर राहावे. बेअरिंगला लावतात ते साधे खनिज ग्रीस या जागी चालत नाही, कारण त्याने रबर फुगते आणि पीन पुन्हा धरली जाते. ब्रेकच्या पिनांसाठीच बनवलेले, रबराला न बाधणारे ग्रीस वापरावे, आणि तेही पातळ थरात. भोक ग्रीसने भरून टाकले तर पीन आत जाताना हवा आणि ग्रीस कोंडून राहते आणि पीन पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे ढकलली जाते. काही कॅलिपरमध्ये दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बाही असते. काढताना कोणती पीन कुठली ते लक्षात ठेवावे, त्यांची अदलाबदल होता कामा नये.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात त्या खाचाही अशाच दुर्लक्षित राहतात. तिथे पत्र्याच्या क्लिपखाली गंज फुगतो आणि पॅड घट्ट धरला जातो. स्वच्छ केल्यावर पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागणारा पॅड ब्रेक सुटल्यावर मागे येणार नाही.

पिना मोकळ्या असतील तर पिस्टनकडे वळावे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे जाताना ते सील थोडे मुरडले जाते, आणि दाब गेला की आपला मूळ आकार घेताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे घेणारी स्प्रिंग असलीच तर ती या सीलच्या मदतीला असते; मुख्य काम हे सीलच करते. पिस्टनवर गंज चढला किंवा सील कडक झाले की आधी पिस्टन उशिरा पुढे येतो आणि पुढे पुढे मागे जाईनासा होतो. तपासायची रीत सोपी आहे. कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या निपलला नळी लावून ते थोडे सैल करावे आणि सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत ढकलावा. दोन्ही बाजूंचे पिस्टन साधारण सारख्या जोराने आत गेले पाहिजेत. निपल न उघडता ढकलले तर कॅलिपरमधले जुने, गढूळ ऑइल उलट्या वाटेने एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक झडपांकडे जाते, म्हणून ते टाळावे. हा गंज येण्याचे एक कारण म्हणजे ऑइलमधले पाणी. डॉट ३ आणि डॉट ४ जातीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा असे मानक सांगते, आणि ओलावा मुरलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्याचा सल्ला दिला जातो त्यामागे हे कारण आहे, आणि माझ्या मते ज्या गाड्यांत पिस्टन अडकतात त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचे ऑइल कित्येक वर्षे बदललेलेच नसते.

होजचा दोष सगळ्यांत फसवा असतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. माझ्या भावाची गाडी ब्रेक दाबल्याबरोबर क्षणभर डावीकडे जायची, मग सरळ व्हायची, आणि ब्रेक सोडल्यावर थोडा वेळ उजवीकडे ओढत राहायची. एकाच गाडीत दोन उलट ओढी पाहून त्याला दोन दोष आहेत असे वाटले होते. प्रत्यक्षात दोष एकच होता. उजव्या चाकाकडे जाणारा रबरी होज बाहेरून चांगला दिसत होता, पण आतले अस्तर सुटून त्याचा पापुद्रा वाटेत आला होता. ब्रेक दाबल्यावर ऑइल त्या पापुद्र्याशेजारून उशिरा पोहोचायचे, म्हणून पहिल्या क्षणी डावा ब्रेक एकटाच धरायचा. दाब सुटल्यावर पिस्टनमागचे ऑइल परत यायला वाट मिळायची नाही, म्हणून उजवा ब्रेक धरलेला राहायचा. हे सिद्ध करण्यासाठी उजवे चाक उचलले, भावाला पेडल दाबून सोडायला सांगितले आणि चाक हाताने फिरवून पाहिले: चाक हलेना. मग कॅलिपरचे निपल पाऊण आटा सैल केले. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी चाक मोकळे फिरले. याचा अर्थ चाकाला धरून ठेवणारी गोष्ट कोंडलेला दाब होती. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले असते, तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत असा अर्थ निघाला असता. होज बदलताना दोन्ही बाजूंचे बदलावेत, कारण दोघांचे वय एकच असते.

ब्रेक सोडल्यावर उलट बाजूला जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते होजपासून वेगळे ओळखता येते. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा मागचा रबरी बुश फाटला असेल, तर ब्रेकच्या जोराने ते चाक मागे सरकते, त्याचा कोन बदलतो आणि गाडी वळते. ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला की चाक पुढे येते आणि गाडी दुसऱ्या बाजूला झटका देते. हा झटका क्षणाचा असतो, बहुधा ‘ठक्’ असा आवाज घेऊन येतो, आणि डिस्क त्यामुळे तापत नाही. होजची ओढ रेंगाळते आणि डिस्क तापवते. गाडी स्टँडवर घेऊन बुशजवळ पहार टेकवून आर्म पुढे-मागे हलवला की फाटलेला बुश लगेच दिसतो. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग यांतला ढिलेपणाही त्याच वेळी पाहून घ्यावा. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी उभी असते आणि ब्रेकचा जोर तिच्यावर नसतो, म्हणून हा दोष त्या कागदावर उमटत नाही.

काही गाड्यांत ओढ जाणवतच नाही किंवा फार थोडी जाणवते, त्याचेही कारण लक्षात घेण्यासारखे आहे. पुढचे चाक ज्या कललेल्या रेषेभोवती वळते ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती जिथे टेकते तो बिंदू टायरच्या मध्याच्या आतल्या बाजूला असू शकतो किंवा बाहेरच्या. आत असेल, तर अधिक धरणारे चाक स्टिअरिंगला आपल्याच बाजूला ओढते. बाहेर असेल, तर ते स्टिअरिंगला उलट बाजूला ढकलते आणि ओढ बरीचशी आपोआप भरून निघते. १९७२ मध्ये आलेल्या ऑडी ८० मध्ये ही दुसरी रचना होती, आणि तिची जोडी ब्रेकच्या कर्णरेषेतल्या विभागणीशी होती: एका मार्गावर पुढचे डावे व मागचे उजवे चाक, दुसऱ्यावर उरलेली दोन. त्यातला एक मार्ग निकामी झाला, तर पुढे एकच चाक धरते. तरीही गाडी सरळ राहावी हा हेतू. पुढे अनेक गाड्यांनी ही रचना घेतली. अशा गाडीत किंचित ओढ जाणवू लागली, तर दोन ब्रेकांमधला खरा फरक त्याहून बराच मोठा असू शकतो, म्हणून ती किरकोळ समजू नये. उलट, रुंद दिसावी म्हणून बाहेर काढलेली चाके बसवली की टायरचा मध्य बाहेर सरकतो आणि एरवी दबून राहिला असता तो फरकही स्टिअरिंगमध्ये येऊ लागतो.

मागच्या ब्रेकांमुळे स्टिअरिंग फारसे ओढत नाही. गाडीचा मागचा भाग सरकल्यासारखा वाटतो. ड्रम उघडून व्हील सिलिंडर गळत नाही ना आणि हँडब्रेकची केबल एका बाजूला अडकलेली नाही ना, हे पाहावे. एबीएसच्या सेन्सरमध्ये बिघाड असेल तर बहुधा डॅशबोर्डवर दिवा लागतो.

रोलरवर ब्रेक मोजण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. प्रत्येक चाकाची पकड आकड्यात दिसते आणि वाद उरत नाही. युरोपीय संघाच्या वाहन तपासणीच्या २०१४ च्या नियमांनुसार, एकाच ॲक्सलवरच्या एका चाकाची पकड दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरली तर तो गंभीर दोष मानला जातो.

माझ्या गाडीचे पुढचे चारही पॅड मी बदलले. उजव्या बाजूचा बाहेरचा पॅड पाचरीसारखा झिजलेला होता म्हणून तो काढणे भाग होते, आणि एकाच बाजूला नवे पॅड घालणे म्हणजे नवी ओढ विकत घेणे. डिस्कांची जाडी मापून ती डिस्कच्या कडेवर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर आहे याची खात्री केली, चाकांचे नट टॉर्क पान्याने कसले आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबले. पिस्टन आत ढकलल्यावर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, हे इथे विसरून चालत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराचे वीस-बावीस ब्रेक, मधे थंड होण्यापुरते अंतर ठेवून, लावले, म्हणजे नव्या पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. पहिले काही ब्रेक थोडे सैल वाटले आणि त्यानंतर गाडी सरळ थांबू लागली.

साडेचार हजार किलोमीटरनंतर मी दोन्ही चाके पुन्हा काढली. उजवीकडची खालची पीन अंगठ्याने सरकत होती, ग्रीस अजून स्वच्छ होते, आणि आतल्या-बाहेरच्या पॅडांची जाडी सारखी भरली. त्याआधी त्याच रस्त्यावर, ६० वरून २० असे आठ ब्रेक लावून तापमान घेतले होते. डावी डिस्क १२१ अंश, उजवी ११७.